बंगलोर रोड

आमचे घरमालक कुठल्याही विमानतळाला नुसतं शहराचं नाव देत नसत, पुढे 'रोड' लावत. हैदराबाद रोड, कलकत्ता रोड, दिल्ली रोड. विमान माणसाला दिल्लीला नेतं ही त्यांच्या मते विमानवाल्यांनी उठवलेली आवई होती. विमान नेतं ते दिल्ली रोडला. तिथून दिल्ली आपली आपण गाठायची.

हे ज्ञान त्यांना आमच्या तुमसर गावानं दिलं होतं. आगगाडीतून 'तुमसर रोड' अशी पाटी वाचून माणूस आनंदानं उतरतो, आणि बाहेर येऊन बघतो तर तुमसर नाहीच. ती देव्हाडी असते. तुमसर अजून पुढं, आणि मधे रिक्षावाल्यांची फौज. "पोचलो म्हंजे पोचलो नाही, हे आपल्या इकडच्या मानसाले शिकवा नाही लागत गा," काका म्हणत. "मोठ्या शहरातला मानूस गाडीतून उतरला का गावातच पाय ठेवते. म्हनून तो विमानतळावर फसते."

काका एसटीतून निवृत्त झालेले. उभा जन्म बसस्टँडच्या खिडकीत बसून गाड्यांच्या वेळा लिहिण्यात आणि भोंग्यावरून गाड्या पुकारण्यात गेला. अख्खं तुमसर त्यांना कंट्रोलरसाहेब म्हणे. माझे ते काका, कारण मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत सहा वर्षं भाड्यानं राहिलो. तांदळातले काळे दाणे वेचून फेकणारी मशीन असते, ती गिरण्यांमध्ये बसवायची आणि बिघडली की दुरुस्त करायची, हे माझं काम. त्यासाठी कंपनी मला वर्षातून दोन-तीनदा कुठंतरी प्रशिक्षणाला पाठवी. कंपनीचा नियम असा, की विमानाचं तिकीट कंपनी काढणार आणि विमानातून उतरल्यावर माझं काय होतं ते माझं मी बघायचं. म्हणजे मी काकांच्या हातात आयताच सापडलो.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. काका स्वतः विमानात कधीही बसले नव्हते. अंगणात उभं राहून वर जाणारं विमान बघायचे, मनगटावरचं घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, "लेट आहे." विमान कुठलं, कुठं चाललंय, याची त्यांना गरज पडत नसे.

निवृत्त होऊन वर्षं झाली तरी त्यांचा आवाज मात्र निवृत्त झाला नव्हता. सकाळी मी ब्रश तोंडात घालून गॅलरीत आलो की खालून पुकारा होई, "माडीवरच्या प्रवाशांनी लक्ष द्यावे. पोहे सुटायच्या तयारीत आहेत." काकू आतून ओरडत, "हळू बोला ना वो, शेजारचेबी येतीन खायाले." आणि खरंच एकदा शेजारचे आले होते.

काकांकडे एक लांबोडी वही होती. तीत प्रत्येक 'रोड'चं एक पान. तुमसरमधून कुणीही विमानानं जाणार असेल तर आधी काकांना विचारून जाई, आणि परत आल्यावर त्यानं काकांपुढे बसून साक्ष द्यायची, एवढीच त्यांची फी. बस कुठून सुटली? दार पुढून का मागून? बसून आलास का उभा? त्या साक्षींमधून वही भरत गेली होती. न पाहिलेल्या पंधरा विमानतळांतून शहरात स्वस्तात कसं शिरायचं, हे ते झोपेत सांगू शकत. जेवताना सांगत तेव्हा फार घोळ होई. भाताचा ढीग म्हणजे शहर, वाटी म्हणजे विमानतळ, आणि मधे बोटानं वरणाचा रस्ता ओढायचा. काकू कपाळाला हात लावून म्हणत, "आधी बंगलोर खाऊन घ्या न बापा, थंडं होऊन राहिलं."

त्यांच्या सगळ्या विद्येचं सार मात्र एका ओळीत होतं. पहिल्यांदा हैदराबादला निघालो तेव्हा त्यांनी ते मला कानात सांगावं तसं सांगितलं. "बाहेर निंगाला का पाट्या वाचू नोको. कोनाले विचारूबी नोको. लोकायच्या हाताकडं पाह्यजो. ज्याच्या हातात जेवनाचा डबा दिसन, त्याच्या मांगं जाजो."

"डबा कायले, काका?"

"अगा, विमानतळावर झाडू मारनारी बाई टॅक्सीनं घरी जाते का? तिले सगळ्यात स्वस्त गाडी मालूम असते. विमानातल्या मानसाच्या हातात डबा नसते. डबा फक्त तिथं काम करनाऱ्याच्या हातात. डबा जाईन तिकडं बस."

मला हे इतकं पटलं, की स्वतः कसं सुचलं नाही याचा रागच आला.

हैदराबादला उतरलो. लगेच एक डबा दिसला. चांगला चार ताळ्यांचा, एका बाईंच्या हातात. मी मागं लागलो. बाई इमारतीला वळसा घालून गेल्या, मीही गेलो. पुढं रांग होती. रांगेत सगळ्यांच्या हातात डबे! मला तर भरूनच आलं. एका जागी इतके डबे म्हणजे इथून शहराच्या कानाकोपऱ्यात बसेस जात असणार. वीस मिनिटं उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा टेबलामागच्या माणसानं माझ्या डोक्यात जाळीची टोपी घातली आणि विचारलं, "नया है क्या? इडली में जाता कि पैकिंग में?"

मी म्हणालो, "सिकंदराबाद."

"वो कौन सा सेक्शन है?" तो म्हणाला.

ते जवळच्या एका मोठ्या भटारखान्याचं फाटक होतं आणि ती पाळी सुरू होण्याची रांग होती. मी वर्गात पोचलो तेव्हा पाऊण तास उशीर झाला होता, आणि सगळे माझ्याकडे का बघताहेत ते दुपारी आरशात कळलं. टोपी डोक्यावरच होती.

तुमसरला आलो तो भांडायच्याच तयारीनं. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "डबा वाजत होता का?"

"वाजत होता का म्हणजे? नव्हता वाजत."

काकांनी डोळे मिटले. मग वही काढली आणि पहिल्या पानावर, सगळ्या रोडांच्या वर, मोठ्या अक्षरात लिहिलं: 'भरला डबा ड्युटीवर जातो. रिकामा डबा घरी जातो. वाजणारा डबा पाहावा.' पेन खाली ठेवून म्हणाले, "चूक माही होती. तुह्यामुळं पुढच्यायचं भलं झालं." आता अशा माणसाशी काय भांडणार?

त्या दिवसापासून ते प्रत्येकाला डब्याचा आवाज शिकवू लागले. काकूंचा नवा डबा घेऊन अंगणात हलवून दाखवत आणि दर वेळी वैतागत. "हा नाही वाजत बरोबर. याच्या कड्या घट्ट आहेत. खरा वाजनारा डबा पोरीनं नेला."

तो डबा काकांच्या नोकरीतला. तीन ताळी, आणि एका बाजूची कडी कायमची ढिली. ड्युटी संपवून काका गल्लीच्या तोंडाशी आले की रिकामा डबा खडखडे आणि तो ऐकून ताई दार उघडायला धावे. ताई म्हणजे त्यांची एकुलती मुलगी. लग्न होऊन बंगलोरला निघाली तेव्हा काकूंनी चांगली भांडी काढून ठेवली होती, तर हिनं तो खडखड्या डबाच मागितला. काकू अजून चिडतात. "पावने पाहून राहिले होते बाई, आन हे पोट्टी कपड्यायच्या बॅगीत जुना डबा कोंबून राहिली!"

सिहोऱ्याच्या एका जोडप्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. धानाची शेती करणारे हे म्हातारा-म्हातारी मुलाकडे पुण्याला पहिल्यांदाच विमानानं जाणार होते. काका म्हणाले, यांना नुसतं सांगून भागायचं नाही, तालीम पाहिजे. आमच्या झाडीपट्टीत तालमीशिवाय काही होतच नाही, नाटकांचा मुलूख पडला. तालमीची जागा तुमसर रोड स्टेशन. काकू हातात डबा घेऊन झाडूवाली बाई झाल्या. मी टॅक्सीवाला. "मॅडम टॅक्सी, मॅडम टॅक्सी" असं ओरडत मी म्हातारीच्या आडवं यायचं आणि तिनं माझ्याकडं ढुंकूनही न बघता डब्यामागं जायचं. खऱ्या रिक्षावाल्यांना वाटलं, हा कोण नवीन धंद्यात शिरतोय. त्यांनी माझी कॉलर धरली. काका लांबून ओरडले, "धरू द्या, धरू द्या! म्हातारीले गर्दीची सवय होऊन राहिली!"

तालीम फार उत्तम झाली. इतकी, की पुण्याला मुलगा घ्यायला आला होता, "आई, आई" करत मागं धावत होता, आणि माउली वळून बघायला तयार नाही. दोघं बसमध्ये चढली, मुलगाही धापा टाकत चढला, तेव्हा कुठं ओळख पटली. काकांनी पुणे रोडच्या पानावर अभिमानानं नोंद केली: 'पोरगा आडवा आला तरी बाई डगमगल्या नाही.'

असा हा माणूस स्वतःच्या मुलीकडं मात्र कधी गेला नव्हता. लग्नाला चार वर्षं झाली होती. काकू दोनदा जाऊन आल्या होत्या आणि दोन्ही वेळा जावई गाडी घेऊन विमानतळावर हजर होता. काकूंना ते फार आवडलं. काका त्यांना तोंडावर फितूर म्हणत. स्वतः जायचं तर त्यांची एकच अट होती, "मले घ्याले कोनी याचं नाही." जावई बिचारा भला माणूस, त्याला हे ऐकूनच कसंतरी होई. सासऱ्याला बसनं येऊ द्यायचं म्हणजे काय! मग ताई रडायची, काका घसा खाकरायचे, आणि बेत पुढं जायचा.

शेवटी ताईनं स्वतःचं घर घेतलं. लहानसंच, पण घर. वास्तूला बाबा पाहिजेत म्हणाली. बाबा आले नाहीत तर पूजा करणार नाही, नुसती कुलूप उघडून राहायला जाईन, असं फोनवर सांगितलं. जावयानं अट कबूल केली. काकू आठ दिवस आधी पुढं गेल्या, जाताना मला म्हणाल्या, "ते अटबीट काही नाही रे. भेतात ते. पाहाय तू."

मला पटलं नव्हतं. पण निघायच्या दोन दिवस आधी दुपारी गॅलरीतून खाली पाहिलं, तर काका अंगणात एकटेच फिरत होते. खांद्यावर पिशवी. चार पावलं चालायचे, थांबायचे, इकडं तिकडं बघायचे. मी खाली गेलो.

"काय करून राहिले, काका?"

ते ओट्यावर बसले. पिशवी मांडीवर घेऊन म्हणाले, "परवा स्टँडवर गेलतो. डेपोतली सगळी नवीन पोट्टे-पोट्टी. सगळ्यायच्या पाठीवर त्या काळ्या पिशव्या. डबा आतमंदी. दिसतबी नाही, वाजतबी नाही." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "समज, तिथं कोनाच्याच हातात डबा दिसला नाही तं?"

मी म्हणालो, तसं झालं तर ताईला फोन करा, गाडी येईल.

"हो," ते म्हणाले. "आन मंग वही चुलीत घाला लागन."

मला फार वाईट वाटलं. सहा वर्षं मी या माणसाला मनातल्या मनात हसत आलो होतो. अर्ध्या तुमसरला वाट दाखवणाऱ्या माणसाजवळ ती वही सोडून दुसरं काय होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. वर जाऊन मी ताईला फोन केला आणि सगळं सांगितलं. तिनं बाबांच्या विमानाची वेळ विचारून घेतली. मग म्हणाली, "दादा, तुमी त्यायले काही सांगू नका. पाहीन मी."

नागपूरच्या विमानतळापर्यंत मी पोचवायला गेलो. पॅसेंजरनं आणि पुढं मेट्रोनं, हे सांगायला नकोच. सोबत घरचा दहा किलो चिन्नोर तांदूळ, कारण नव्या घरात पहिला भात आपल्या धानाचाच शिजला पाहिजे, हे काकूंचं फर्मान. दारावरच्या बंदूकधारी जवानाला काकांनी विचारलं, "फलाट कोनता?" त्यानं बोट दाखवलं. काका आत गेले आणि काचेतून माझ्याकडं बघून हात हलवायच्या ऐवजी घड्याळ दाखवलं. लेट होतं.

विमानातलं वर्तन त्यांनी परतल्यावर स्वतःच सांगितलं. एकूण प्रवास त्यांना बरा वाटला, फक्त उतरताना लोकांनी फार दाटी केली म्हणून त्यांनी सवयीनं खणखणीत पुकारा केला, "उतरनाऱ्यायले आधी उतरू द्या!" चढणारं कुणीच नव्हतं. तरी दोन माणसं बाजूला झाली म्हणे.

पुढचं मला ताईनं सांगितलं.

ती रजा टाकून बाहेर पडायच्या दारापाशी येऊन उभी होती. नवऱ्याला घरी बसवून आली होती. नागपूरकडच्या मुली गाडीवर निघताना बांधतात तसा तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे. घ्यायला आलेल्या लोकांमध्ये ती नव्हती, जरा लांब एका खांबाजवळ होती.

काका बाहेर आले. खांद्यावर चिन्नोरची पिशवी, नजर लोकांच्या हातांवर. एकेक हात बघत गेले. सगळ्या हातांत फोन. पाठीवर काळ्या पिशव्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. "दादा," ताई म्हणाली, "बाबा उभेच राहिले. तांदळाची पिशवी खाली ठेवली आन उभेच. मले पहिल्यांदा ते म्हातारे दिसले. वाटलं, धावत जाऊन मिठी मारावी. पन तसं केलं असतं तं सगळंच गेलं असतं."

म्हणून तिनं हातातला डबा हलवला. तीन ताळी, एक कडी ढिली.

काकांनी मान वर केली, पिशवी खांद्यावर घेतली. ताई चालू लागली. मागं वळायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, त्यामुळे बाबा येताहेत की नाही ते कळेना. दोनदा तिनं उगाच डबा हलवला. टॅक्सीवाले "सर, सर" करत होते आणि त्यांना कुणी उत्तर देत नव्हतं, त्यावरून तिला कळलं, की बाबा मागंच आहेत.

ती बसमध्ये चढून पुढं बसली. काका तिच्या मागं दोन बाकं सोडून बसले. घराच्या थांब्यावर उतरलो की स्कार्फ काढायचा आणि बाबांना चकित करायचं, असा तिचा बेत. बस हलली. मागून तिकिटं फाडत कंडक्टर पुढं आला. तिनं पैसे काढून धरले, तर तो हात हलवून पुढं निघाला.

"टिकट?" तिनं विचारलं.

"हो गया. पीछे अंकल ने दो लिया."

ताई वळली. काका खिडकीतून बाहेर बघत होते, मग घड्याळाकडं, मग पुन्हा बाहेर. तोंड अगदी गंभीर, एखादी बस वेळेवर सुटली की होई तसं. तिच्याकडं न बघताच म्हणाले, "ते कडी अजून नाही बसवली का व पोरी?"

"आन मंग, दादा," ताई म्हणाली, "बंगलोर येईपर्यंत मी रडून राहिली आन ते थांबे मोजून राहिले."

वास्तू झाली, चिन्नोरचा भात झाला. काका पंधरा दिवसांनी तुमसरला परतले ते नव्या जोमात. मी साक्ष घ्यायला बसलो. बस किती वाजता सुटली, दार कुठून, सगळं त्यांनी बारीकसारीक सांगितलं. मी मुद्दाम विचारलं, "ताई आली होती म्हणे घ्यायला?"

"कोन म्हनते?" काका उसळले. "कोनी आलं नव्हतं. मी आपला डबा पाहून गेलो."

आणि त्यांनी वही उघडून माझ्यासमोर बंगलोर रोडचं पान पूर्ण केलं. 'डबा दिसायला वेळ लागतो. धीर धरावा. तिकिटं दोन काढावी.'

पुढं माझी बदली झाली, खोली सुटली. निघायच्या आदल्या दिवशी नाकाडोंगरीचे एक मास्तर सल्ला घ्यायला आले होते. त्यांना बंगलोरला जायचं होतं. चष्मा लावून त्यांनी ते पान दोनदा वाचलं आणि म्हणाले, "साहेब, मी तं एकटाच जाऊन राहिलो. मंग तिकिटं दोन कायले?"

काकांनी वही त्यांच्या हातातून काढून घेतली, ओळीवरून एकदा बोट फिरवलं आणि मिटली.

"तुमाले एकच लागन, मास्तर," ते म्हणाले.